सामू पुन्हा पुन्हा चढतोय? आम्ल थांबवा, खडी तपासा

प्रश्न: ॲक्वापोनिक्सच्या (माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी पिकवण्याच्या) वाफ्यात खडी भरली आहे. पाण्याचा सामू (पीएच) ८.२ असतो. आम्ल टाकले की ७ वर येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८ च्या वर. नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या. विक्रेता आम्लाचा डोस दुप्पट करायला सांगतो. काय करावे?

उत्तर: डोस दुप्पट करू नका. आम्लच थांबवा. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या वाफ्यात बहुतेक वेळा चुन्याची खडी निघते. आम्ल पडले की खडीतला कॅल्शियम कार्बोनेट विरघळून ते मारतो आणि सामू होता तिथे येतो. या चढउतारात मासे आणि त्यांच्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू भरडले जातात. ‘खडी धुतलेली आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. धुतल्याने धूळ जाते, चुना जात नाही.

ढिगातले चार-पाच ठिकाणचे कोरडे खडे घ्या, फोडा आणि ताज्या बाजूवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर खडी नको. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड) सहज फसफसत नाही, म्हणून थोडा चुरा करूनही बघा. मग दोन बादल्यांत एकच पाणी घ्या, एकीत खडी टाका. चार दिवसांनी खडीच्या बादलीचा सामू स्पष्ट जास्त आला तर तो लॉट परत करा. बेसाल्ट, ग्रॅनाइट, गारगोटी, भाजलेल्या मातीच्या गोळ्या चालतात. संगमरवर, शिंपले, प्रवाळ नकोत. अनुदान मिळत असले तरी ही परीक्षा केल्याशिवाय खडी उतरवून घेऊ नका.

भरलेली खडी एका दमात काढू नका, जिवाणू तिच्यावरच राहतात. एकेक वाफा बदला. तोवर माशांचे खाद्य कमी ठेवा म्हणजे अमोनिया कमी होईल, कारण सामू ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. पिवळेपणा लोह न मिळाल्याचा आहे, त्यावर ईडीडीएचए लोह (पाण्यात विरघळलेले राहणारे चिलेटेड लोह) द्या. विक्रेते ईडीटीए हा दुसरा प्रकार पुढे करतात, ते या सामूला टिकत नाही.

खडी निर्दोष आणि मूळ पाणीच जड (क्षार जास्त असलेले) असेल तर फॉस्फरिक आम्ल वेगळ्या टाकीत, नव्या पाण्यातच मिसळा. माशांच्या टाकीत थेट कधीच नाही. सायट्रिक आम्ल तर नकोच, जिवाणू मरतात. सामू रोज सकाळीच मोजा. शेवाळ असेल तर दुपारी तो आपोआप चढतो, आणि तो आकडा पाहून आम्ल ओतणारे मासे गमावतात.

दुसऱ्या काहींचा सामू काही महिन्यांनी ६ च्या खाली गेला आहे. चुना नसलेल्या निष्क्रिय खडीत हे होणारच, कारण अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. पोटॅशियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आलटून-पालटून द्या. दिवसात ०.२ पेक्षा जास्त वाढ नको, ६.८ ला थांबा. वाफ्यात पोतेभर शिंपले ओतायचा सल्ला ऐकू नका. द्यायचेच तर जाळीच्या पिशवीत टांगा, म्हणजे सामू ७ झाला की उचलून बाहेर काढता येतील.