इंग्लंडमधल्या फोक क्लबात गाण्याच्या संध्याकाळी नेमकं काय चालतं? गाता येत नसेल तर जावं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी इंग्लंडात नव्याने आलात, जवळच्या पबात फोक क्लबची, म्हणजे लोकगीतं गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या मंडळाची, गाण्याची संध्याकाळ असते, जायचं मनात आहे. पण आवाज बेताचा आणि इथलं लोकगीत एकही पाठ नाही. खुशाल जा. फक्त पाटीवर काय लिहिलंय ते आधी नीट वाचा.

'सेशन' लिहिलं असेल तर तो वादकांचा कारभार: फिडल (म्हणजे व्हायोलिन), कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), बासरी, मध्येच एखादं गाणं. 'गेस्ट नाइट' असेल तर बाहेरून बोलावलेला कलाकार, काही पौंडांचं तिकीट, आणि त्याच्या आधी क्लबातलेच काही जण एकेक-दोनदोन गाणी म्हणून घेतात. तुमच्या कामाचं ते 'सिंगअराउंड'. पबाच्या माडीवरची किंवा मागची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि पाळी फिरत फिरत तुमच्यापर्यंत येते. गायचं असेल तर गायचं, नाहीतर 'पास' म्हणायचं. कारण कुणी विचारत नाही. मी सुरुवातीला पासच म्हणायचे. आणि हो, बिअर प्यायलाच हवी असं काही नाही, लेमोनेडवर संध्याकाळ निघते.

खरी गंमत ध्रुवपदात आहे. बरेच जण वाद्याशिवाय गातात. सूर कुणी देत नाही. ज्याला जी पट्टी झेपेल तिथून तो सुरू करतो, कधी कानावर हात ठेवून, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. एक-दोन कडव्यांत खोलीला अंदाज येतो आणि ध्रुवपद आलं की सगळे त्यावर तुटून पडतात. पण एका सुरात नाही! कुणी खालचा सूर धरतो, कुणी वरचा, आणि आधी ठरलेलं काहीच नसतं. आपले कान एका सुरात गाण्याला सरावलेले, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं की शेजारचे काका साफ बेसूर आहेत. तसं नसतं, ते त्यांच्या जागी पक्के असतात. ससेक्समधल्या रॉटिंगडीन गावचं कॉपर घराणं अशा दोन आवाजांतल्या गाण्यासाठी आजही नावाजलेलं आहे. केट ली यांनी त्यांच्याकडून गाणी उतरवून घेतली ती 1898 मध्ये, आणि लोकगीतं जमवणारी इथली संस्था त्याच वर्षी लंडनमध्ये उभी राहिली. थोडक्यात, भजनात मागे बसलेल्या टाळकऱ्याचं जे काम, तेच इथे तुमचं. आवाज बेताचा असला तरी ते जमतं.

सोपी सुरुवात हवी असेल तर जहाजावरची कामाची गाणी, म्हणजे शँटी, येईपर्यंत थांबा. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ठरलेल्या शब्दांवर जोर द्यायचा; त्याच जोरावर खलाशी दोर ओढत. उत्तराची ओळ फारशी बदलत नाही, दुसऱ्या फेरीला ती तोंडात बसते. बॅलडचं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लांबलचक गाण्याचं, मात्र वेगळं. खून, बुडालेली गलबतं, फसवलेल्या मुली आणि कडव्यांमागून कडवी. त्यात चुळबूळ न करता ऐकणं हाही संध्याकाळचा भागच आहे. (माझी सहनशक्ती बॅलडला पुरते, गाण्याहून लांब प्रस्तावना करणाऱ्यांपुढे आणि संपता न संपणाऱ्या गिटार जुळवणीपुढे ती संपते.)

आता तुमचा खरा प्रश्न: गायचंच ठरलं तर काय गावं? मराठी गा. 1960च्या दशकात लंडनच्या सिंगर्स क्लबात, म्हणजे तिथल्या एका फोक क्लबात, गायक इवान मॅककॉल आणि मंडळींचा नियमच होता की मंचावर गाणाऱ्याने आपल्या भाषेतलं, आपल्या परंपरेतलंच गायचं. नियम तेव्हाही अनेकांना जाचक वाटला. त्यात स्वतः मॅककॉल म्हणजे इंग्लंडमधल्याच सॅल्फर्डमध्ये जन्मलेले, मूळ नाव जेम्स मिलर, आईवडील स्कॉटिश! आज इतका काटेकोरपणा मला कुठे दिसला नाही, पण आपलं काहीतरी घेऊन आलेल्या माणसाचं अप्रूप टिकून आहे.

मी ओव्या म्हणते. पहाटे जात्यावर दळताना बायका हे गायच्या, एवढं सांगितलं की पुरतं. कामाची गाणी या लोकांना समजावावी लागत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे सांगाल तर नक्की कान टवकारतील. क्रॉयडनचे माजी ग्रंथपाल स्टीव्ह रौड यांनी इंग्रजी लोकगीतांना क्रमांक देऊन प्रचंड सूची केली आहे, आणि गाण्याआधी तो क्रमांक सांगणारे महाभाग तुम्हाला भेटतीलच.

ओवीची एक अडचण आहे: तिला ध्रुवपद नसतं, खोली नुसती ऐकत बसते. म्हणून मी जोडीला पालुपद असलेलं कोळीगीत ठेवते. पालुपद चार-पाच शब्दांचंच निवडा, आधी दोनदा म्हणवून घ्या. उच्चार कसेही होवोत, दुरुस्त करत बसू नका. तिसऱ्या फेरीला कुणीतरी त्याला खालचा सूर लावतोच, आणि आपलं गाणं तसं ऐकायला फार मजा येते.

बाकी रीतभात सोपी. आत गाणं चालू असेल तर दाराबाहेर थांबा, संपल्यावर आत शिरा. फोनवर शब्द बघून गाणं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाकं मुरडतात, तेव्हा पाठ केलेलं बरं. मध्यंतरात रॅफलची, म्हणजे छोट्या सोडतीची, तिकिटं घेऊन कुणी आलं तर एखादं घ्या, खोलीच्या भाड्याला आणि पाहुण्यांच्या मानधनाला त्या पैशांचा हातभार लागतो. बक्षीस बहुतेक वाइनची बाटली असते.