कंबरदुखीवर शॉकवेव्ह थेरपीचा उपयोग होतो का?

काहींना होतो, पण मुख्य उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका.

या उपचारात विजेचा झटका नसतो, ही भीती आधी काढून टाका. यंत्रातून दाबाच्या लहरी त्वचेवरून आत सोडतात. मूतखडे फोडण्यासाठी 1980 पासून वापरात आलेल्या तंत्राचंच हे सौम्य रूप. टाचदुखी, टेनिस एल्बो, खांद्यात साठलेलं कॅल्शियम यांवर तिचा अनुभव बराच आहे. कंबरेबाबत मात्र अभ्यास थोडे आणि लहान आहेत. काहींत वेदना काही आठवडे ते महिने कमी झालेली दिसते, तीही बहुधा व्यायामाच्या जोडीने. दुखणं स्नायूंचं असेल तर करून पाहायला हरकत नाही. सरकलेली चकती किंवा दबलेली नस याने जागेवर येत नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्या जागी गाठ किंवा संसर्ग असेल तर नको.

आणि पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर थेरपीचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.