आईवडील ऊसतोडीला गेले म्हणून शाळा मुलांचं नाव कमी करू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण आणि दाजी दिवाळीनंतर कारखान्यावर जाणार, भाची पाचवीत, भाचा दुसरीत. गावातले मुख्याध्यापक म्हणतात, दाखला घेऊन जा, नाहीतर नाव कमी करू. गेल्या हंगामात कारखान्याकडच्या शाळेने दाखला नाही म्हणून मुलांना वर्गात बसूच दिलं नाही. यात शाळेची जबाबदारी नेमकी कोणती?

दोन्ही शाळांचं चुकलं आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. लांबलचक गैरहजेरीमुळे नाव कमी करणं हे काढून टाकणंच झालं, रजिस्टरमध्ये त्याला काहीही म्हणा. उलट, सतत महिनाभर किंवा त्याहून जास्त गैरहजर असलेलं मूल महाराष्ट्रात शाळाबाह्य समजलं जातं. म्हणजे त्याचा शोध घेऊन त्याला शिक्षणात परत आणायचं काम त्या दिवसापासून शाळेवर येतं.

दुसऱ्या शाळेचं उत्तर कलम ५ मध्ये आहे. कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, मूल दुसरीकडे गेलं तर त्याला सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असंही त्याच कलमात आहे. वर्ष अर्धं झालं म्हणून प्रवेश बंद, हेही कलम १५ मुळे चालत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवणं कलम १४ ने बंद केलंय. अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचं लेखी निवेदनही चालतं. खाजगी विनाअनुदानित शाळेत मात्र हा बदलीचा हक्क वापरता येत नाही.

तरीही माझा सल्ला: हंगामापुरता दाखला काढूच नका.

दाखला काढला की मूल मूळ शाळेच्या पटावरून जातं. नव्या शाळेने ऑनलाइन मागणी टाकायची, जुन्या शाळेने ती मंजूर करायची, आणि एप्रिलमध्ये हेच सगळं उलट दिशेने. यातली एक मंजुरी अडकली की मूल कागदावर दोन्हीकडे दिसतं किंवा कुठेच दिसत नाही, आणि जूनमध्ये पुस्तकं-गणवेशाच्या वेळी घोळ बाहेर येतो. हंगामी स्थलांतरासाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे. नाव गावच्या शाळेतच राहतं, मूल कार्ड घेऊन जातं, तिकडची शाळा त्या कार्डावर त्याला बसवून घेते आणि परत येताना तिथली हजेरी आणि प्रगती कार्डावर लिहून देते. मुख्याध्यापकांकडे कार्ड मागा. छापील कार्ड संपलं असेल तर तोच तपशील शाळेच्या पत्रावर, सही-शिक्क्यानिशी घ्या: मुलाचं नाव, सरलचा (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदणीचा) विद्यार्थी क्रमांक, इयत्ता, माध्यम, जन्मतारीख, कोणत्या विषयात कुठवर आलंय, शाळेचा यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक) आणि वर्गशिक्षकांचा फोन. शेवटचे दोन तपशील बहुतेक कार्डांवर कोरे असतात आणि तिकडे गेल्यावर नेमके तेच लागतात.

आता शाळा असं का वागतात तेही सांगतो, कारण ते कळलं की बोलणं सोपं जातं. शिक्षकांची पदं पटावर ठरतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरचा पट धरला जात आला. टोळ्या निघतात त्यानंतर. त्यामुळे गावच्या शाळेला मुलं मोजणीत मिळतात आणि नंतर ती नसली तरी तिचं अडत नाही. उलट तपासणीच्या वेळी रिकामे बाक दिसायला नकोत म्हणून दाखला न्या म्हणतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे न आलेल्या मुलांची हजेरी भरत राहतात. हजेरी भरली की मूल शाळाबाह्य ठरत नाही, कार्ड निघत नाही, वसतिगृहाच्या यादीतही नाव येत नाही. तिकडच्या शाळेची अडचण वेगळी: मोजणी झालेली, जूनमध्ये पुस्तकं वाटून संपलेली, आणि नोव्हेंबरात अचानक वीस मुलं दारात. त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही. अडचण खरी आहे, पण तिचं ओझं दुसरीतल्या पोराने वाहायचं कारण नाही. पोषण आहाराचं धान्य उपस्थितीवर मागता येतं, पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. म्हणून तात्पुरत्या मुलांचीही रोजची हजेरी मांडायला सांगा. मांडली नाही तर ताट कमी पडतं आणि पहिलं कमी पडतं ते याच मुलांचं.

निघण्याआधी दाजींना एक विचारून घ्या: बैलगाडीवर आहेत की ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळीत? बैलगाडीवाले बहुतेक कारखान्याच्या तळावर कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून हंगामभर एकाच जागी असतात. त्यांच्या मुलांना जवळची शाळा पूर्ण हंगाम मिळू शकते. ट्रॅक्टरच्या टोळ्या फडामागे, म्हणजे तोडीला आलेल्या उसाच्या रानामागे, गावोगाव फिरतात. तिथे दर काही आठवड्यांनी शाळा बदलते आणि कार्डावर तीन-चार शाळांच्या नोंदी होतात. अशा टोळीत दुसरीतलं मूल अक्षरओळख विसरून परत येतं, आणि पाचवीतली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळत बसते. मुकादमाला विचारलं तर कोणतं गाव, कोणता गट हे तो साधारण सांगतो. ते गाव कळलं की तिथल्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) गावच्या वर्गशिक्षकांनीच फोन करावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दाजींनी चार खेटे मारण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

ट्रॅक्टरची टोळी असेल आणि गावात आजी असेल तर मुलांना मागे ठेवणं मला जास्त बरं वाटतं. त्यासाठीच हंगामी वसतिगृहं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालतात, साधारण हंगामाच्या सहा महिन्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी मूल रात्री आजीकडे झोपतं आणि दोन्ही वेळचं जेवण वसतिगृहात करतं. यात चुकतं ते वेळेत. शाळेने कुटुंबं निघण्याआधी सर्वेक्षण करून यादी पंचायत समितीत पाठवायची असते. यादी दिवाळीनंतर गेली तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, मुलं आईबरोबर ट्रकमध्ये चढलेली असतात, आणि मग मुलंच नाहीत म्हणून वसतिगृह रद्द. म्हणून मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली की लगेच, सप्टेंबरातच, बहिणीने शाळेला लेखी कळवावं: आम्ही अमुक महिन्यात जाणार, मुलं मागे राहणार, वसतिगृहाच्या यादीत नाव घ्या. समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. तिच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावणं पालकांच्या हातात आहे.

याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, ती समाजकल्याण खात्याकडे. त्यासाठी दाजींची ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीत नोंद आणि ओळखपत्र करून ठेवा. भाची पुढच्या वर्षी सहावीत गेली की तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे का तेही पाहा. निवासी आहे, सहावीपासून पुढे.

मुलं परतल्यावर गावच्या शाळेचं खरं काम सुरू होतं आणि तेच सगळ्यात कमी होतं. पट्टा पडला (हंगाम संपला), मुलं आली, बाकावर बसली, एवढ्यावर शाळा समाधान मानते. कायदा इथे थांबत नाही. कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी पाहून जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. मूल फार मागे पडलं असेल तर कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. त्याची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. व्यवहारात असं करायला सांगा: पहिल्या आठवड्यात भाच्याला एक छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा, दोन अंकी बेरीज-वजाबाकी द्यायची, कुठे अडतो ते लिहून ठेवायचं आणि रोज अर्धा-पाऊण तास तेवढंच घ्यायचं. बुडलेले सगळे धडे पहिल्यापासून शिकवायला बसले की शिक्षकही दमतात आणि मूलही. वाचन आणि मूलभूत गणित जमलं की बाकीचं मूल भरून काढतं.

भाचीच्या बाबतीत एक गोष्ट जपा. दुसरीत नापास करण्याचा प्रश्नच येत नाही, पण पाचवी आणि आठवीला २०२३ सालापासून महाराष्ट्रात वार्षिक परीक्षा आहे. त्यात अपयश आलं तर शाळेने जादा मार्गदर्शन करून निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते, आणि त्यातही नापास झाली तर त्याच वर्गात ठेवता येतं. परीक्षा साधारण एप्रिलात आणि कारखाना चालू असेल तर ती तेव्हा कोपीवरच असेल. म्हणून मार्चमध्येच दोन्ही मुख्याध्यापकांना अर्ज द्या: तिकडच्या शाळेत परीक्षेला बसू द्यावं आणि गुण कार्डावर लिहून द्यावेत, ते जमलं नाही तर पुनर्परीक्षेची तारीख लेखी कळवावी. ही तारीख सुट्टीत तोंडी सांगितली जाते आणि हुकते.

शाळेने ऐकलंच नाही तर अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी नकाराला कुठेच किंमत नसते. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या क्रमाने जा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचंच कर्तव्य आहे, अर्जात हे कलम नावानिशी लिहा. कलम ३२ खालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. पण तीन महिने म्हणजे अर्धा हंगाम. त्यामुळे तक्रार टाकून वाट पाहू नका. त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून त्या शाळेला फोन करवून घ्या, बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात.

टोळी कर्नाटकात जाणार असेल तर कायदा तिथेही हाच आहे, फक्त हमी कार्ड तिकडच्या मुख्याध्यापकांना ओळखीचं नसतं आणि माध्यम कन्नड असतं. बेळगावच्या सीमाभागात सरकारी मराठी शाळा आहेत, त्या गाठता आल्या तर उत्तम. त्यापलीकडे जायचं असेल तर भाचीला तरी आजीकडेच ठेवा.