व्यायाम थांबवल्यावर नाडी किती वेळात उतरते?

उतारवयातला व्यायाम आणि हृदयाचे ठोके यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझं वय ६८. पूर्वी भरभर चालताना नाडी १५० पर्यंत जायची, आता जोर लावूनही १३० च्या वर जात नाही. हृदय थकलं असं समजायचं का?

उत्तर : नाही. आयुष्यभर कसून व्यायाम केलेल्यांतही हा बदल होतो. ठोक्याची सुरुवात हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोड नावाच्या पेशींच्या पुंजक्यातून होते, आणि वयाबरोबर त्यातल्या पेशी कमी होत जातात. शिवाय ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं रक्तात भरपूर असली तरी हृदय त्यांना पूर्वीइतकी दाद देत नाही. त्यामुळे कमाल ठोके दर दहा वर्षांनी साधारण ७ ने उतरतात. ते व्यायामाने परत वाढत नाहीत, तेव्हा त्यामागे धावू नका.

‘२२० वजा वय’ हे सूत्र वयस्करांच्या बाबतीत बहुधा कमी आकडा देतं. त्यापेक्षा २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करा. तुमच्यासाठी ते साधारण १६० येतात. विश्रांतीची नाडी ७२ धरली, तर मधलं अंतर ८८ ठोक्यांचं. त्याचे ४० ते ६० टक्के, म्हणजे ३५ ते ५३, हे ७२ मध्ये मिळवा : १०७ ते १२५. मध्यम व्यायामाचा तुमचा पट्टा हा. म्हणजे ज्या १३० ची तुम्हाला काळजी वाटते, ते या पट्ट्याच्याही जरा वरच आहेत! अर्थात सूत्र हा अंदाज आहे. प्रत्यक्ष कमाल आकडा माणसागणिक १० ठोक्यांनी, कधी त्याहूनही जास्त, इकडेतिकडे असतो.

काळजीचं चित्र वेगळं असतं. ठोके कमी करणारं कोणतंही औषध चालू नाही, थोड्या चढावरही दम लागतो आणि नाडी मात्र ९०-१०० च्या पुढे हलतच नाही, असं असेल तर डॉक्टरांना सांगून स्ट्रेस टेस्टबद्दल, म्हणजे श्रम करायला लावून घेतलेल्या हृदयाच्या चाचणीबद्दल, विचारा.

प्रश्न : जिने चढून आल्यावर नाडी बराच वेळ वरच राहते. ती किती वेळात उतरायला हवी आणि मोजायची कशी?

उत्तर : नाडी किती वर गेली याची काळजी बहुतेक पत्रांत असते. आमच्या मते ती किती लवकर उतरते, हे अधिक बोलकं आहे.

हृदयावर दोन बाजूंचा ताबा असतो. सिम्पथेटिक मज्जातंतू ठोके वाढवतात, व्हेगस मज्जातंतू आवरतो. औषधांनी दोघांचाही अंमल तात्पुरता काढला, तर हृदय पंचविशीत मिनिटाला साधारण १०४ आणि सत्तरीत साधारण ७८ ठोके देतं. विश्रांतीची नाडी मात्र दोन्ही वयांत ७० च्या आसपास असू शकते. याचा अर्थ तरुणपणी व्हेगस ३०-३५ ठोके आवरून धरतो आणि सत्तरीत त्याची पकड ८-१० ठोक्यांवर येते. व्हेगसचा हा ब्रेक झिजतो तो असा. चालायला लागल्यावर सुरुवातीला जी नाडी वाढते ती मुख्यतः हा ब्रेक सुटल्यामुळे, आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात उतरते ती मुख्यतः तो पुन्हा लागल्यामुळे. नियमित व्यायामाने उतारवयातही सुधारू शकते ती हीच बाजू.

मोजायची पद्धत अशी : दहा मिनिटं भरभर चाला. मग वेग एकदम कमी करा, पण पाय हलते ठेवा. लगेच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. बरोबर एक मिनिटाने पुन्हा तसंच करा. दोन आकड्यांतला फरक वहीत लिहा. पूर्ण ६० सेकंद मोजत बसलात, तर नाडी त्या मिनिटातच उतरत असल्यामुळे सरासरी हाती येते आणि फरक बुजतो. १५ सेकंदांत एक ठोका चुकला तर उत्तर ४ ने चुकतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. आठवड्यात तीन वेळा मोजून मधला आकडा धरा.

नाडी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी पाहा. मानेवर दाबू नका. तिथे रक्तदाबाची जाणीव घेणारा भाग असतो आणि काही वयस्करांत त्यावर दाब पडताच ठोके एकदम मंदावतात, चक्कर येते. दोन्ही बाजूंनी एकदम तर कधीच दाबू नये.

दवाखान्यातल्या ट्रेडमिल चाचणीत पूर्ण श्रमानंतर हळू चालत राहूनही पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले, तर ते असामान्य मानतात. घरच्या चालण्यात नाडी मुळातच तितकी वर गेलेली नसते, त्यामुळे उतारही कमी दिसतो. १२ चा दंडक इथे जसाच्या तसा लावून घाबरू नका. तुलना स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करा, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने. ऊन, अपुरं पाणी, अपुरी झोप आणि नुकतंच झालेलं जेवण यांनीही नाडी रेंगाळते. कारण सापडत नसताना हे अचानक सुरू झालं असेल, तर रक्तक्षय आणि थायरॉईड तपासून घ्यावेत.

प्रश्न : बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतो. वरचं गणित मला लागू पडेल का?

उत्तर : पडणार नाही. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर विश्रांतीचे आणि कमाल, दोन्ही ठोके खाली आणतात, आणि किती ते मात्रेवर व औषध घेतल्यापासून गेलेल्या वेळेवर ठरतं. सूत्रातला आकडा गाठायला जाल तर झेपणार नाही इतके श्रम होतील. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या बीपीच्याच औषधांचंही असंच. ॲम्लोडिपिन मात्र ठोके कमी करत नाही. तुम्ही बोलण्यावरून अंदाज घ्या. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम श्रम. तीन-चार शब्दांवर थांबावं लागलं तर वेग कमी करा. व्यायामात नाडी वाढावी म्हणून गोळी चुकवणं धोक्याचं आहे. बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यास बीपी आणि ठोके उसळतात, छातीत दुखणंही सुरू होऊ शकतं.

प्रश्न : पेसमेकर आहे. चालताना बरं वाटतं, पण व्यायामाच्या स्थिर सायकलवर लगेच थकवा येतो. असं का?

उत्तर : बऱ्याच पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर असतो. सायकलवर पाय फिरतात, पण यंत्र बसवलेला छातीचा भाग जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून सेन्सरला व्यायाम चालू आहे हे कळतच नाही. पुढच्या तपासणीत ही गोष्ट मुद्दाम सांगा; सेटिंग बदलता येतं. तोवर चालणंच बरं.

प्रश्न : मनगटी घड्याळ चालताना ११८ दाखवतं, थांबून हाताने मोजली तर ९६ भरते. खरं काय?

उत्तर : लगेच मोजली असेल तर बोटांवर विश्वास ठेवा. घड्याळ प्रकाशाने त्वचेखालचं रक्त पाहतं आणि हाताच्या झोक्याने फसतं. भरभर चालताना मिनिटाला १००-१२० पावलं पडतात, ती नाडीच्या आकड्याशी मिळतीजुळती असल्याने घड्याळ पावलंच मोजत राहतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधा. नाडीची लय मात्र बोटांनीच तपासा, आणि त्यासाठी पूर्ण ६० सेकंद द्या. एखादा ठोका गाळल्यासारखा वाटणं सामान्य आहे. लयच लागत नसेल, ठोके कसेही पडत असतील, तर ईसीजी लवकर काढा, कारण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते त्या विकारात, पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा नाडीला वरचं कोणतंही गणित लागू नाही.

प्रश्न : चालणं संपवून बाकावर बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

उत्तर : व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की रक्त पायांत साचतं. तरुण शरीर ठोके वाढवून हा खड्डा भरून काढतं. वयाने धमन्या ताठरलेल्या असल्या की रक्तदाब उतरल्याची जाणीव बोथट होते. शेवटची ५ ते १० मिनिटं हळू चाला. लगेच कडक पाण्याने अंघोळ नको. एरवीही उभं राहताना असं होत असेल, तर पाच मिनिटं आडवं राहून बीपी घ्या, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांच्या मात्रा तपासून घ्याव्यात. वजनाच्या व्यायामात श्वास कोंडून धरल्यानेही बीपी झपाट्याने चढतं आणि सोडताच पडतं. उचलताना श्वास सोडा.

प्रश्न : किती दिवसांत फरक दिसेल? मध्ये खंड पडला तर?

उत्तर : विश्रांतीची नाडी दोन-तीन महिन्यांत थोडी उतरेल, फार तर चार-सहा ठोक्यांनी. पहिल्या मिनिटातला उतार सुधारतो आणि त्याच चढावर नाडी आधीपेक्षा कमी राहते, हे जास्त ठळक दिसतं. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंसाठी, तीन दिवस तोल सांभाळण्यासाठी, इतकं हवं. सवय झाली की ३ मिनिटं भरभर, ३ मिनिटं सावकाश अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस करून पाहा. ही पद्धत जपानच्या शिन्शू विद्यापीठात वयस्करांसाठीच बसवलेली आहे. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब आला, जबडा किंवा हात भरून आला, तर तिथेच थांबा; काही मिनिटांत ओसरलं नाही तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

कमावलेलं दोन-चार आठवड्यांत ओसरू लागतं, अंथरुणावर पडून राहिल्यास त्याहून लवकर. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या ५ तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीस वर्षांत जितकी क्षमता घटली त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांत जास्त घटली होती असं दिसलं. म्हणून तापातून उठल्यावर, सकाळची नाडी नेहमीच्या आकड्यावर आली की, निम्म्या वेळाने सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवा.