35 डॉलरचं तिकीट 238ला का पडतं?

नंतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्हाला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला येऊन सात महिने झालेत. ताशी 65 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 77ने जाताना पोलिसाने धरलं. कायद्यात दंड 35 डॉलर दिसतो, पण कोर्टाच्या पत्रात 238 आहेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, "कोर्टाचा धंदा आहे हा. भरू नकोस, काही होत नाही." मित्राचं निदान अर्धं बरोबर आहे, औषध मात्र साफ चुकीचं.

मी वकील नाही. इथल्या एका काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) हिशेब खात्यात बरीच वर्षं काढली. कोर्टाकडून आलेला दंडाचा पैसा कोणत्या खात्यात किती टाकायचा, एवढंच माझं काम.

आधी 238चं गणित. मूळ दंडाच्या दर 10 डॉलरवर अधिभार बसतो, आणि 10 पुरे नसले तरी पुरे धरतात. म्हणून 35चे चार हिस्से होतात. प्रत्येक हिश्शावर राज्याचे 10, काउंटीचे 7, कोर्टाच्या इमारतींसाठी 5, डीएनए नोंदींसाठी 5 आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी 2, असे 29. चार हिश्शांचे 116. मूळ दंडावर 20 टक्के सरचार्ज, म्हणजे 7. मग कोर्ट चालवण्याच्या खर्चाचे ठोक 40 आणि दोषी ठरल्याबद्दल ठोक 35. (हे 35 आणि मूळ दंडाचे 35 सारखे, हा निव्वळ योगायोग.) वर किरकोळ दोन आकार मिळून 5. करा बेरीज. लाल सिग्नल तोडलात तर मूळ दंड 100 आणि याच हिशेबाने 490. काउंटीप्रमाणे दोन-चार डॉलर इकडेतिकडे होतात.

आता तुमचा खरा प्रश्न: कोर्टं या पैशावर चालतात का? न्यायाधीशांचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. 1997पर्यंत कोर्टाच्या खर्चाचा मोठा भार काउंटीवर असायचा, त्यामुळे श्रीमंत काउंटीचं कोर्ट एका तऱ्हेचं आणि गरीब काउंटीचं दुसऱ्या तऱ्हेचं. त्या वर्षीच्या कायद्याने हा भार राज्याने उचलला आणि आज 58 काउंट्यांच्या कोर्टांचा बहुतेक खर्च राज्यच देतं. पण जिथे पैसा कमी पडला, तिथे कर वाढवण्याऐवजी दंडाच्या शेपटाला नवी गाठ मारायची, ही खोड लागली ती लागलीच. 2008 साली नव्या कोर्ट इमारतींसाठी 5 अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उभारायचं ठरलं आणि ते फेडायचं कशातून? कोर्टाच्या फी आणि दंडांतून. दोषी ठरल्याचे ते 35 तेव्हाचेच. पुढे मंदी आली, राज्याने त्या निधीतलेही पैसे सर्वसाधारण तिजोरीत वळवले आणि ठरलेल्या इमारती रखडल्या. म्हणजे इमारतीच्या नावाने तुम्ही भरलेलं इमारतीला लागेलच असं नाही.

याहून वाईट प्रकार दुसरा होता, आणि तो मी स्वतः भोगलाय. 2012 साली लाल सिग्नलचं तिकीट मिळालं. मधल्या काळात घर बदललं, कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तारीख हुकली. पत्र हातात पडलं ते थेट वसुली एजन्सीचं, आणि त्यात 300 डॉलर जादा. दंडाचे पैसे वाटणारा माणूस स्वतःच थकबाकीदार! घरात आठवडाभर यावरून माझी थट्टा चालली होती.

हे जादा 300 म्हणजे 'सिव्हिल असेसमेंट'. तारखेला आला नाहीत किंवा भरले नाहीत की लावायचं. त्याचा बराचसा पैसा जे कोर्ट लावील त्याच्याच खर्चाला परत जायचा. म्हणजे लावायचं की माफ करायचं हे ठरवणार कोर्ट, आणि लावलं तर फायदाही त्याचाच. हा पेच अमेरिकेला नवा नाही. ओहायोतल्या एका गावचा महापौरच दारूबंदीचे खटले चालवायचा. आरोपी दोषी ठरला तरच त्याला फी मिळायची, सुटला तर काही नाही. एका खटल्यात 100 डॉलर दंड ठोठावून त्याला 12 डॉलर मिळाले होते. 1927मध्ये सुप्रीम कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं. तरीही न्यू ऑर्लिन्समध्ये जामिनाच्या रकमेचे 1.8 टक्के कोर्टाच्या खर्चनिधीत जात राहिले आणि जामीन किती ठेवायचा हे त्याच कोर्टातला न्यायाधीश ठरवत होता. ते 2019मध्ये अपील कोर्टाने चुकीचं ठरवलं. बारा डॉलर खिशात गेले काय आणि कोर्टाच्या खात्यात गेले काय, मला तरी फार फरक दिसत नाही.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात नाझर होते. तिजोरीच्या किल्ल्या, रोजकीर्द, बेलिफांचा भत्ता, सगळं त्यांच्याकडे. कोर्ट फीचा पैसा सरकारी खजिन्यात जायचा आणि कोर्टातला पंखा बंद पडला तर त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी मंजुरी, सहा महिने वाट. महाराष्ट्रात 2018मध्ये कोर्ट फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाख केली, म्हणजे पक्षकाराला झळ तिथेही आहेच. पण जास्त दंड केला म्हणून आमच्या साहेबांच्या चेंबरला नवा पंखा लागला, असं कधी झालं नाही. इथली पद्धत सांगितल्यावर वडील एवढंच म्हणाले, "मग ऑडिटला काय उत्तर देतात?"

ऑडिट होतं, आणि कधी कधी कडकही होतं. सगळ्या कोर्टांना एका संगणक प्रणालीत बसवायचा प्रकल्प 2004मध्ये 260 दशलक्ष डॉलरचा होता. 2011मध्ये राज्याच्या ऑडिटरने अंदाज काढला तो 1.9 अब्जांचा. पुढच्याच वर्षी, 500 दशलक्षांहून जास्त खर्च झाल्यावर, प्रकल्प गुंडाळला. त्याच काळात पैशाअभावी कोर्टाच्या शाखा बंद होत होत्या, हे विसरू नका.

आणि वसुली म्हणाल तर कागदावरची रक्कम प्रचंड. कॅलिफोर्नियात कोर्टाच्या दंडांची थकबाकी 10 अब्ज डॉलरच्या वर गेली होती, आणि त्यातली बरीचशी कधीच येणार नव्हती. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत तो 490 कुठून देणार? माझ्या टेबलावर 25-25 डॉलरचे हप्ते यायचे. तुमच्या 238चं उदाहरण घ्या. पहिल्या हप्त्यातले 7 आधी राज्याच्या सरचार्जला. उरलेले 18 मूळ दंड आणि अधिभारांत प्रमाणशीर, सेंटासेंटाने वाटायचे. कोर्ट चालवण्याचे 40 आणि दोषी ठरल्याचे 35 रांगेत शेवटी. हप्ते मध्येच थांबले की ज्याच्या नावाने आकार लावला त्या कोर्टाच्याच हाती काही लागत नसे. कायद्याप्रमाणे चाललेल्या वसुली कार्यक्रमाला स्वतःचा खर्चही वाटपाआधी कापून घेता येतो. काही खात्यांत महिन्याला जमा होणारी रक्कम पाहून हसू यायचं.

थोडं सुधारलंही आहे. 2017पासून निव्वळ दंड थकला म्हणून लायसन्स निलंबित होत नाही. 2022मध्ये ते 300 कमाल 100वर आणले, तो पैसा कोर्टाऐवजी राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत वळवला आणि आधीचे न भरलेले असेसमेंट रद्द केले. (माझे भरून झाले होते, अर्थातच.)

म्हणून "काही होत नाही" हे खरं नाही. 100पर्यंत वाढतील आणि प्रकरण वसुलीला जाईल. 90 दिवस थकलेली बाकी राज्याच्या कर खात्याकडे सोपवता येते, आणि ते खातं पगारातून किंवा बँकेतून परस्पर कापून घेतं. तुमच्यासारख्या पगारदाराकडून वसूल करणं त्यांना सगळ्यात सोपं.

तुमच्या जागी मी असतो तर ट्रॅफिक स्कूल (वाहतूक नियमांचा छोटा कोर्स) घेतलं असतं. 18 महिन्यांत एकदाच मिळतं आणि वर थोडी फी पडते, पण गुन्ह्याबद्दल लायसन्सच्या नोंदीवर बसणारा पॉइंट इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही. दंडापेक्षा प्रीमियमची वाढ महाग पडते, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. पोलिसाची चूक होती असं खरंच वाटत असेल, तर लेखी जबाबावर खटला मागता येतो. पूर्ण रक्कम आधी भरावी लागते, जिंकलात तर परत मिळते. हरलात तर 20 दिवसांत नव्याने, समोरासमोर सुनावणी मागता येते. उत्पन्न कमी असलेल्यांना दंड कमी करून किंवा हप्त्याने मागायची ऑनलाइन सोय आहे. ती तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या कुणा विद्यार्थ्याला उपयोगी पडेल.

पुढच्या महिन्यात सनीव्हेलला घर बदलताय असं लिहिलंय तुम्ही. डीएमव्हीला (गाड्या आणि लायसन्सचं सरकारी खातं) नवा पत्ता 10 दिवसांत कळवावा लागतो, आणि कोर्टाला वेगळा कळवा. पत्र आलं नाही ही सबब चालत नाही, तिकिटावर छापलेली तारीख धरतात.