पुराच्या पट्ट्यात घर आहे. घर सोडायची तयारी कशी करावी?

लग्न होऊन शिरोळ तालुक्यात आलात, पहिलाच पावसाळा आहे आणि बॅगेत काय भरून ठेवू, असं विचारलंय. बॅगेचं सांगतो, पण आधी निघायचं कधी ते घरात ठरवून घ्या. आमच्याकडं माणसं अडकतात ती 'अजून पाणी दारात कुठं आलंय?' म्हणत बसल्यामुळं.

सगळ्यांचं लक्ष कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं असतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी 55 फुटांवर गेलं होतं. पण तो आकडा कोल्हापूरचा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी मागं तुंबतं. म्हणून तिकडं उतार पडला तरी आपल्याकडं चढ सुरूच असू शकतो. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्गही बघत जा.

घराआधी रस्ता बुडतो. गावाबाहेर पडायच्या वाटेवर सगळ्यात खोलगट ओढा कुठला, ते सासऱ्यांना विचारा. त्याच्या पुलाला पाणी लागायच्या आत म्हातारी माणसं, पोरं, गरोदर बाई बाहेर. '2005 ला पाणी या पायरीपर्यंतच आलतं' हे कुणीतरी सांगणारच. त्या पायरीच्या भरवशावर माळ्यावर ठेवलेलं धान्य 2019 ला भिजलं.

खरा घोळ जनावरांचा. गोठ्यात म्हशी आहेत म्हणून घरटी एक माणूस मागं राहतो आणि मग त्याला काढायला बोट लागते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, किती जीव गेले! म्हणून जनावरं पहिल्यांदा हलवा. उंचावरच्या गावातला पाहुणा आत्ताच बोलून ठेवा, दोन-तीन दिवसांची वैरण सोबत न्या आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. शेवटच्या क्षणी एखादं न्यायला जमलंच नाही, तर दावं सोडून द्या, बांधलेलं ठेवू नका.

बॅग सोपी आहे: आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत, बीपी-शुगरच्या गोळ्या, बॅटरी, चार्जर, थोडी रोकड. निघताना मेन स्विच बंद करा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवा, नाहीतर तो तरंगत जातो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.

परतल्यावर गाळ उपसायची घाई करू नका. अडगळीत साप असतात, आधी काठीनं हलवून बघा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो धुवायच्या आधी घ्या, पंचनाम्याला तेच कामाला येतात. विहिरीचं पाणी शुद्धीकरण होईपर्यंत पिऊ नका.

आणि हो, नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायला गडी निघाले की घरात ट्रंका आवरायला घ्यायच्या. आमच्या आईचा हिशेब एवढाच असतो.