कादंबरीचा काळ डिजिटल कोलाजातून शिकवता येतो का?

पदवीच्या वर्गाला जुनी मराठी कादंबरी शिकवताना तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी विद्यार्थ्यांच्या डिजिटल कोलाजातून शिकवता येते का, की शेवटी ते नुसते चित्रे चिकटवणेच ठरते, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव भागातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’साठी हा उपक्रम घेतो. माझ्या मते सारे काही चित्राखाली आपण काय लिहायला लावतो यावर ठरते. प्रत्येक चित्राखाली ते केव्हाचे आहे, कोणी आणि कशासाठी काढले, आणि कादंबरीतील कोणत्या प्रसंगाशी त्याचा संबंध आहे, एवढी नोंद सक्तीची केली की चित्र शोधणे हेच इतिहासाचे वाचन होऊ लागते.

ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा लेखक १८३१ मध्ये बेळगावातच जन्मला. निपाणी-खानापूरकडून येणाऱ्या आमच्या मुलांना मराठीतील आरंभीची कादंबरी आपल्या गावच्या माणसाने लिहिली हे सहसा ठाऊक नसते, आणि ते कळले की अर्धे काम आपोआप होते. आपण दुसरी कादंबरी घेणार असाल, तर तिच्यातही आपल्या परिसराशी जोडणारा असा एखादा धागा आधी शोधून ठेवावा.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक गट हटकून तीच चित्रे आणतात. नऊवारीतील स्त्री हवी म्हणून राजा रविवर्म्याचे चित्र येते, आणि कादंबरीतील यमुना व विनायक या जोडप्याचा प्रवास दाखवायला आगगाडी येते. ही चित्रे लगेच काढून टाकू नयेत. त्यांच्या तारखा विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगाव्यात. रविवर्म्याचा जन्म १८४८ चा, म्हणजे कादंबरी आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि त्याची चित्रे घरोघर पोहोचवणारा छापखाना १८९४ साली निघाला. रेल्वे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावली हे खरे, पण बेळगावला ती १८८० च्या दशकात आली; तोवर आपल्याकडचा माणूस बैलगाडीने, तट्टावरून, ऐपत असेल तर मेण्यातून जात असे. ही दुरुस्ती स्वतः केलेला विद्यार्थी त्या जोडप्याचा प्रवास वाचताना अंतर आणि वेळ यांचा विचार करू लागतो, जो माझ्या व्याख्यानाने क्वचितच होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे न सापडणारी चित्रे. कादंबरीचा विषय विधवांची स्थिती हा आहे, पण त्या काळातील केशवपन केलेल्या सामान्य घरातील बाईचे छायाचित्र शोधू गेल्यास हाती जवळजवळ काही लागत नाही. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती, तरी कॅमेरा साहेबांच्या आणि मोजक्या धनिकांच्या हाती होता, आणि त्यांना किल्ले, देवळे व दरबार टिपण्यात रस होता. म्हणून मी कोलाजात एक चौकट रिकामी ठेवायला लावतो आणि तिच्याखाली हे चित्र का मिळाले नाही ते लिहायला सांगतो. मालिकेतील एखादी नटी तिथे बसवण्याचा मोह मुलांना फार होतो. तेवढे मात्र मी होऊ देत नाही.

छापील मजकूरही चित्राइतकाच कोलाजात यावा. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा घेतला, तर पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जातो, हे त्यातील कलम विद्यार्थ्यांनी वाचलेच पाहिजे. कायदा झाला आणि प्रश्न सुटला, ही समजूत त्या एका कलमाने मोडते. त्याच्या बाजूला ‘प्रभाकर’ या वृत्तपत्रातून १८४८ पासून आलेल्या लोकहितवादींच्या शतपत्रांतील उतारा ठेवता येतो.

धर्मांतराचा विषय आमच्याकडे नाजूक आहे, पण तो टाळून ही कादंबरी शिकवता येत नाही. पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि कादंबरीचा ख्रिस्ती धर्माकडचा रोख त्यांनी कुठे लपवलेला नाही. म्हणून मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाशेजारी, १८५७ मध्येच मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माच्या बाजूने मिशनऱ्यांशी वाद घालणारे विष्णुबुवा ब्रह्मचारीही आले पाहिजेत, असा माझा आग्रह असतो. दोन्ही बाजू एकाच पानावर आल्या की पालकांच्या शंकाही बऱ्याच कमी होतात.

साधनांची फार चिंता करू नये. कॅनव्हा चालते, गूगल स्लाइड्सही चालतात. एका गटात एक बरा फोन पुरतो, आणि खानापूरच्या जंगलपट्टीतील ज्या मुलांकडे घरी रेंज नसते त्यांनी चित्रे महाविद्यालयातच उतरवून घ्यावीत.

गुणांच्या बाबतीत मी निम्मे गुण नोंदींना देतो, मांडणीला थोडेच. उरलेले तोंडी परीक्षेला: प्रत्येक गटाने आपल्या कोलाजातील एक चित्र वर्गासमोर काढून टाकायचे आणि त्यामुळे कादंबरीचा कोणता भाग समजायला अवघड झाला ते सांगायचे. काहीच अवघड झाले नसेल, तर ते चित्र केवळ सजावट म्हणून आलेले होते, आणि त्याचे गुण कापले जातात.